तीन पित्यांचा पुत्र : फादर रिची यांच्या ग्रंथातील ब्रह्मचर्यविचार

धर्मगुरूला लोक अनेक प्रश्न विचारतात. शुद्धिस्थान, विवाहातील अडथळे, पोप महोदयांचे एखादे नवे परिपत्रक, यांविषयीचे प्रश्न तो सेमिनरीतून आणलेल्या शिदोरीवर निभावून नेतो. पण आजाऱ्याला कम्युनियन देऊन तो उठायला लागतो आणि खाटेवरची आजी सहज विचारते, ‘फादर, तुमच्या आईला आता कोण बघतं?’ तेव्हा ती शिदोरी अपुरी पडते. आजीच्या प्रश्नात ब्रह्मचर्य हा शब्दही नसतो. तरीही ब्रह्मचर्याविषयी विचारता येण्याजोगा सर्वांत अवघड प्रश्न तोच आहे.

हाच प्रश्न चारशेहून अधिक वर्षांपूर्वी चीन देशात एका येशूसंघीय धर्मगुरूपुढे उभा राहिला, आणि त्याने तो टाळला नाही. फादर मातेओ रिची यांनी चिनी भाषेत लिहिलेला ‘थिएनजू शीयी’, म्हणजे ‘स्वर्गाच्या प्रभूचा खरा अर्थ’, हा ग्रंथ १६०३ साली पेकिंग येथे छापला गेला. एक चिनी विद्वान आणि एक पाश्चात्त्य विद्वान यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेल्या या ग्रंथात आठ प्रकरणे आहेत. ईश्वराचे अस्तित्व, आत्म्याचे अमरत्व, स्वर्ग आणि नरक, मनुष्यस्वभावाचा चांगुलपणा असे मोठमोठे विषय ओलांडून शेवटच्या प्रकरणात चिनी विद्वान अगदी घरगुती प्रश्नावर येतो : तुमच्या संघाचे लोक लग्न का करीत नाहीत? ग्रंथाचे डग्लस लँकशर आणि फादर पीटर हू यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९८५ साली प्रसिद्ध झाले. ते मी सेमिनरीत वाचले होते. अलीकडे पुन्हा वाचले आणि या शेवटच्या प्रकरणापाशी बराच काळ रेंगाळलो. त्या प्रकरणाचे मूल्यमापन करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या वाचकांना रिची अगदीच परके नाहीत. १५५२ साली इटलीतील माचेराता येथे जन्मलेला हा तरुण १५७८ साली गोव्यात आला. तेथे त्याने ईशज्ञानाचा अभ्यास केला, विद्यार्थ्यांना शिकवले, १५८० साली कोचीन येथे गुरुदीक्षा घेतली आणि १५८२ साली मकावकडे प्रयाण केले. ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास पोहोचले ते १५७९ च्या ऑक्टोबरात. म्हणजे ज्या काळात एका येशूसंघीयाच्या कानावर आपली भाषा प्रथम पडत होती, त्याच काळात दुसरा त्याच किनाऱ्यावर चीनच्या वाटेची प्रतीक्षा करीत होता. पुढे एकाने मराठीत ओवी रचली, दुसऱ्याने चिनी विद्वानांच्या गद्यात संवाद लिहिला. दोघांनीही ऐकणाऱ्याच्या मनातील शंकेला ग्रंथात जागा दिली. हे साम्य मला महत्त्वाचे वाटते, कारण शंका प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय उत्तराला किंमत येत नाही.

रिचींच्या चिनी विद्वानाची शंका समजून घ्यायची तर त्या समाजातील कुटुंब समजून घ्यावे लागते. चिनी भाषेत मातृपितृभक्तीला ‘श्याव’ असा शब्द आहे. तो ज्या चिन्हाने लिहितात त्यात वर वृद्ध माणूस आणि खाली मूल असते. मुलाने वृद्धाला आधार द्यायचा, वृद्ध गेल्यावर त्याच्या नावाची पाटी घरात ठेवून तिच्यापुढे धूप जाळायचा, आणि हे सारे आपल्या पश्चात चालावे म्हणून स्वतः पुत्राला जन्म द्यायचा, अशी ही साखळी. आपला पिता हा पित्याचाही पुत्र आहे आणि त्यांचे सर्वांचे देणे माझ्यावर आहे, ही जाणीव तिच्या मुळाशी आहे. म्हणून लग्न हा त्या समाजात दोन व्यक्तींचा खासगी प्रश्न नव्हता. पुत्र झाला नाही तर भावाचा मुलगा दत्तक घेत, ऐपत असेल तर उपपत्नी आणीत. आपणहून अविवाहित राहणारा पुरुष म्हणजे जिवंत आणि मृत अशा दोघांशीही बेइमानी करणारा, असे मानले जाई.

या समजुतीला शास्त्राधार होता तो मेन्शियस या तत्त्ववेत्त्याचा. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील या विचारवंताच्या नावावर एक वचन आहे. त्याचा आशय असा की, मातृपितृद्रोहाचे तीन प्रकार असून वंश न ठेवणे हा त्यांतला सर्वांत मोठा. उरलेले दोन प्रकार मेन्शियसने सांगितलेले नाहीत. आईबापांच्या चुकीच्या गोष्टींना माना डोलावून त्यांना दोषास पात्र करणे, आणि आईबाप गरीब व वृद्ध असताना नोकरी न धरणे, असे ते दोन प्रकार असल्याचा खुलासा पुढे हान काळातील चाव छी या भाष्यकाराने केला. हे वचन चिनी घराघरांत एखाद्या आज्ञेसारखे वावरत असे. रिचींच्या ग्रंथातील चिनी विद्वान तेच वचन पुढे करतो आणि विचारतो, याचे काय?

रिचींचे उत्तर वाचताना आपण मिशनरी वाचतो आहोत की पाठचिकित्सा करणारा पंडित वाचतो आहोत, असा प्रश्न पडतो. प्राचीन काळी लोकसंख्या कमी होती म्हणून असे वचन निघाले, आता माणसे पुष्कळ झाली, तेव्हा थोडे थांबले तरी चालेल, असा एक सोयीचा खुलासा त्यांच्यापुढे होता. त्याची नोंद करून ते तो बाजूला ठेवतात. मग ते मुळाशी हात घालतात. हे वचन कन्फ्यूशियसचे नाही, मेन्शियसचे आहे. कन्फ्यूशियसने मातृपितृभक्तीविषयी इतके तपशीलवार सांगितले आहे. मग हा सर्वांत मोठा द्रोह त्याच्या शिष्यांच्या आणि नातवाच्या कानी कसा पडला नाही? तो प्रथम मेन्शियसच्याच ग्रंथात कसा अवतरला? पुढे ते कन्फ्यूशियसने गौरविलेल्या तीन पुरुषांकडे बोट दाखवतात. बो-यी आणि शू-छी हे दोघे बंधू तत्त्वासाठी डोंगरावर उपाशी राहून मेले. बी-गानने जुलमी राजाची कानउघाडणी केली आणि प्राण गमावला. तिघांनाही वंश नव्हता, असे रिची नमूद करतात. कन्फ्यूशियसने ज्यांना सत्पुरुष म्हटले त्यांना मेन्शियसने द्रोही ठरवावे काय?

याहून मार्मिक आहे तो शुन राजाचा दाखला. मेन्शियसचे ते वचन शुनच्या संदर्भातच आले आहे. शुनने आईबापांना न सांगता लग्न केले. त्याचे समर्थन करताना मेन्शियस म्हणतो की, वंश खुंटू नये म्हणून त्याने तसे केले. रिची हिशेब मांडतात : पुरुष विसाव्या वर्षानंतर बाप होऊ शकतो. शुनने लग्न केले तिसाव्या वर्षी. मग मधली दहा वर्षे हा आदर्श पुत्र द्रोही होता की काय? आणि प्राचीन काळी तिशीपूर्वी लग्न न करणारे सगळेच द्रोही काय? शिवाय मूल होणे माणसाच्या हाती नाही. जे आपल्या हाती आहे ते मागावे आणि जे दैवाधीन आहे त्याच्यामागे लागून उपयोग नाही, असा भेद खुद्द मेन्शियसनेच केलेला आहे. त्याच भेदाच्या आधारे रिची म्हणतात की, जे दैवाधीन आहे त्यावर सद्गुणाचे माप ठरू शकत नाही.

हा भाग मला ग्रंथातील उत्कृष्ट लेखनापैकी वाटतो. परक्याच्या घरात शिरून त्याच्याच देव्हाऱ्यातील दिव्याने त्याला कोपरा दाखवावा, तशी ही रीत आहे. त्यात हेटाळणी नाही. मात्र रिचींच्या नजरेतून एक गोष्ट निसटली असे मला नम्रपणे वाटते. शुनच्या कथेत मेन्शियस जे करतो ते मुळात नियमाला अपवाद शोधण्याचे काम आहे. आईबापांना न सांगता लग्न करणे हा अपराध होता. मोठ्या कर्तव्यासाठी लहान कर्तव्य मोडता येते, असे म्हणून मेन्शियस त्या मुलाला वाचवतो. म्हणजे ज्या वचनाने पुढे शतकानुशतके मुलांना धाकात ठेवले, ते मुळात एका मुलाच्या बचावासाठी उच्चारलेले होते. रिचींनी हा धागा उचलला असता तर मेन्शियसला विरोधी पक्षात ढकलण्याऐवजी त्यालाच साक्षीदार करता आले असते. कारण पुढे रिची स्वतः जो युक्तिवाद करतात, तो नेमका हाच आहे.

तो युक्तिवाद म्हणजे तीन पित्यांचा. माणसाला तीन पिते असतात, असे रिची सांगतात : पहिला स्वर्गाचा प्रभू, दुसरा राजा, तिसरा घरातला बाप. तिघांच्या आज्ञा एका दिशेच्या असतील तर प्रश्नच नाही. पण खालच्या पित्याची आज्ञा वरच्या पित्याच्या आज्ञेविरुद्ध गेली, तर वरच्याचे ऐकणारा पुत्र हाच खरा पुत्र. घरच्या बापाची आज्ञा मोडूनही तो द्रोही ठरत नाही. चिनी नीतिशास्त्रात राजा आणि बाप या दोघांची उतरंड होतीच. तिच्यावर आणखी एक पायरी ठेवून रिचींनी ब्रह्मचर्याला ‘श्याव’च्या चौकटीत बसवले. अविवाहित धर्मगुरू हा पुत्रधर्म सोडणारा नसून तो सर्वांत वरच्या पित्याच्या बाबतीत पाळणारा आहे, असा याचा अर्थ. ब्रह्मचर्याची व्यावहारिक कारणेही ते देतात. संसाराची काळजी नसल्यामुळे सुवार्तेसाठी कोठेही जाता येते, मन विभागले जात नाही, आणि वासनेच्या आहारी गेलेल्या जगापुढे संयमाचे उदाहरण राहते. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायाची छाया येथे स्पष्ट दिसते. सर्वांनी अविवाहित राहावे असा आग्रह नाही, हेही ते आवर्जून सांगतात.

आता या उत्तराच्या मर्यादांकडे वळू.

पहिली मर्यादा बौद्ध भिक्षूंविषयीची. चिनी समाजात लग्न न करणारा पुरुष रिचींच्या आधी हजारभर वर्षांपासून परिचित होता. बौद्ध भिक्षुदीक्षेला चिनी भाषेत ‘घर सोडणे’ असाच शब्द आहे. वंश तोडता, आईबापांनी दिलेल्या देहावरचे केस कापता, हे आक्षेप भिक्षूंवर घेतले गेले होते आणि त्यांना उत्तरेही दिली गेली होती. इ.स. ४०४ साली लू पर्वतावरील भिक्षू हुई-युआन याने भिक्षूने राजापुढे का वाकू नये याविषयी एक प्रबंध लिहिला. त्यात घर सोडणारा माणूस आपल्या साधनेने साऱ्या कुळाचे कल्याण करतो, असा विचार आहे. रिची स्वतः १५८३ पासून १५९५ पर्यंत भिक्षूचा वेष घालून, डोके व दाढी भादरून चीनमध्ये वावरले, मग विद्वानाचा झगा घालू लागले. असे असताना ग्रंथात ते बौद्ध मतावर सतत टीका करतात, आणि हा एक प्रश्न दोघांचा समान आहे हे कोठेही कबूल करीत नाहीत. विद्वानवर्ग भिक्षूंना कमी लेखत असे, हे त्याचे कारण समजते. पण ज्याने आपल्या आधी तेच ओझे वाहिले त्याला ओळख न देणे, ही उदारता नव्हे.

दुसरी मर्यादा स्त्रियांची. वंश ठेवण्याच्या सक्तीतून उपपत्नीची चाल निघाली होती, आणि बाप्तिस्मा मागणाऱ्या विद्वानांपुढे तोच मोठा अडथळा असे. ली जिजाव हे रिचींचे निकटचे सहकारी. त्यांचा बाप्तिस्मा याच कारणाने लांबला आणि १६१० साली, रिचींच्या मृत्यूच्या थोडे आधी झाला. यांग थिंगयून या अधिकाऱ्याने १६११ साली बाप्तिस्मा घेतला, तो आपल्या मुलांच्या आईला, म्हणजे उपपत्नीला, वेगळे करून. एकपत्नीव्रताचे तत्त्व ख्रिस्तसभेने सोडले नाही हे योग्यच झाले. परंतु त्या स्त्रीचे काय झाले असेल, हा विचार मनातून जात नाही. वंशासाठी तिला आणले आणि धर्मासाठी तिला दूर केले. दोन्ही वेळी तिला कोणी विचारले नाही. रिचींच्या संवादात दोन पुरुष बोलतात. तिन्ही पिते पुरुष आहेत. आई त्या प्रकरणात कोठेच नाही.

येथून तिसऱ्या आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर उणिवेकडे येतो. चिनी विद्वानाचा प्रश्न वंशाचा होता, तसाच म्हातारपणाचाही होता. पुत्र हवा तो पाटीपुढे धूप जाळायला, आणि त्याआधी खाटेवरच्या आईला पाणी द्यायला. वंशाच्या प्रश्नाला रिचींनी पांडित्याने उत्तर दिले. पाण्याच्या प्रश्नाला दिले नाही. वरच्या पित्याने बोलावले की खालच्या पित्याचे देणे आपोआप फिटते, असा अर्थ तीन पित्यांच्या युक्तिवादातून निघू शकतो. तो अर्थ शुभवर्तमानाशी जुळत नाही. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परुश्यांना खडसावतो ते याच गोष्टीसाठी. जे आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण केले आहे, असे सांगून ते आपले कर्तव्य टाळीत होते. वरच्या पित्याचे नाव घेऊन खालच्या पित्याला उपाशी ठेवण्याची युक्ती वरच्या पित्याच्या पुत्रानेच नाकारली. आणि तोच अविवाहित पुत्र क्रुसावर प्राण सोडताना आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवतो. त्याने आईविषयीचे देणे रद्द केले नाही, त्याची सोय लावली. रिचींना हे दोन्ही उतारे पाठ असणार. ग्रंथ मुख्यतः बुद्धीच्या आधाराने लिहिलेला, ख्रिस्तजन्माचा उल्लेख शेवटी थोडक्यात आणि क्रुसाविषयी मौन, अशी त्याची योजना होती. त्या योजनेमुळे ब्रह्मचर्याचे सर्वांत कोमल उत्तर ग्रंथाबाहेर राहिले.

रिचींचे स्वतःचे घरही त्या प्रकरणात नाही. वडील औषधविक्रेते होते. १५६८ साली त्यांनी मुलाला कायदा शिकण्यासाठी रोमला पाठवले. १५७१ साली मुलगा येशूसंघात दाखल झाला आणि पूर्वेकडे निघाल्यावर पुन्हा कधीच मायदेशी परतला नाही. तीन पित्यांविषयी लिहिणाऱ्या हाताने माचेरातातल्या तिसऱ्या पित्याला पत्रेही लिहिली. ते पत्र लिहिणारे मन या प्रकरणात उतरले असते, तर चिनी विद्वानाला युक्तिवादाबरोबर एक माणूसही भेटला असता.

ग्रंथ मिटल्यावर मनात येते की, अविवाहित पुरुषाचे चित्र चिनी साहित्याने स्वतः कसे रंगवले असेल? दोन उदाहरणे पुरेशी आहेत. सुंग काळातील कवी लिन बू (९६७–१०२८) हांगचौ येथील पश्चिम सरोवरातल्या एका टेकडीवर राहिला. त्याने लग्न केले नाही, नोकरी धरली नाही. आलुबुखारच्या जातीच्या एका झाडाचा बहर ही त्याची पत्नी आणि क्रौंच पक्षी ही त्याची मुले, अशी म्हणच पडली. सम्राटाने मरणोत्तर पदवी देऊन त्याचा गौरव केला. म्हणजे त्या कडक समाजातही असा एखादा माणूस आदरास पात्र ठरू शकत होता. पण इतिहासकारांनी त्याच्याविषयी आणखी एक नोंद केली आहे : त्याने आपल्या पुतण्याला शिकवले आणि तो पुतण्या राजपरीक्षा उत्तीर्ण झाला. झाडे आणि पक्षी लोकांच्या ध्यानात राहिले, पुतण्या विस्मरणात गेला. मला मात्र तो पुतण्या महत्त्वाचा वाटतो.

दुसरे उदाहरण ‘लाल महालाचे स्वप्न’ या अठराव्या शतकातील कादंबरीचे. त्साव श्वेछिन यांची ही कृती १७९१ साली एकशेवीस प्रकरणांत छापली गेली. शेवटची चाळीस प्रकरणे कोणाच्या हातची याविषयी विद्वानांत वाद आहे. नायक ज्या बावयू अखेरीस संसार सोडून भिक्षू होतो. बर्फ पडत असताना तो नावेतल्या बापाला वंदन करतो आणि निघून जातो. मात्र त्यापूर्वी लेखकाने त्याच्याकडून दोन कामे करून घेतली आहेत. तो राजपरीक्षा उत्तीर्ण होतो, आणि त्याची पत्नी बावछाय गरोदर असते. बापाची इच्छा आणि कुळाचा वंश अशी दोन्ही देणी फेडल्यावरच कादंबरी त्याला मोकळे करते. संन्यासाची ओढ इतक्या उत्कटतेने रंगवणाऱ्या कृतीलाही मेन्शियसच्या वचनाचे कर्ज चुकते करावे लागले, आणि त्या कर्जाचा भार बावछायच्या पदरात पडला. विरक्त पुरुषाचे मोठेपण गाताना त्याच्या मागे राहिलेल्या स्त्रीकडे पाहायचे नाही, ही खोड फक्त पाद्र्यांचीच नाही, एवढे समाधान वाटते. अर्थात ते समाधान फारसे कामाचे नाही.

हा सारा जुना वाद आज कशाला, असे कोणी म्हणेल. चीनमध्ये तो जुना झालेला नाही. १९८० च्या सुमारास आलेल्या एक-अपत्य धोरणाने साखळीचा सारा भार एकेका मुलावर टाकला. ते धोरण उठवण्याची घोषणा २०१५ साली झाली. मुलगाच हवा या हट्टापायी मुली जन्मण्याआधीच नाहीशा झाल्या, आणि २०२० च्या जनगणनेत पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा सुमारे साडेतीन कोटींनी अधिक निघाली. ज्यांना वधू मिळत नाही अशा पुरुषांना तेथे फांद्या नसलेला सोटा अशा अर्थाचा शब्द आहे. त्यांचे एकटेपण निवडलेले नाही. पण शहरांत आपणहून लग्न नाकारणारे स्त्रीपुरुषही वाढत आहेत. २०१३ साली चीनमध्ये १ कोटी ३४ लाखांहून अधिक विवाहांची नोंद झाली होती. २०२४ साली ती सुमारे ६१ लाखांवर आली. शांघायच्या जनता उद्यानात आईबाप मुलांची उंची, शिक्षण, नोकरी लिहिलेले कागद मांडून बसू लागले. नववर्षाला घरी जाणाऱ्या अविवाहित मुलाला ‘लग्न कधी?’ हा एकच प्रश्न सगळीकडून ऐकावा लागतो.

या नव्या अविवाहित पुरुषाला रिचींचे प्रकरण काय सांगते? सरळ काहीच सांगत नाही, कारण ते केवळ वरच्या पित्याच्या सेवेसाठी घेतलेल्या व्रताविषयी आहे. तरीही त्यातला एक निष्कर्ष त्याच्याही कामाचा आहे : माणसाची किंमत त्याने वंश ठेवला की नाही यावर ठरत नाही. या विधानासाठी रिचींनी चिनी परंपरेतच आधार शोधला, आणि तो सापडला. दुसरे, त्यांनी न विचारलेला प्रश्न या माणसालाही लागू आहे : तू एकटा राहिलास तो कोणासाठी मोकळा झालास? लिन बूजवळ पुतण्या होता. तुझ्याजवळ कोण आहे? हा प्रश्न चीनमधल्या तरुणाला विचारण्याचा अधिकार मला आहे, कारण तो आधी मी स्वतःला विचारला आहे.

आम्ही दोघे भाऊ. मी सेमिनरीत गेलो तेव्हा घरात अश्रू आणि अभिमान दोन्ही होते. वडील गेले तेव्हा मी दुसऱ्या धर्मग्रामात होतो. आईची शेवटची सात वर्षे भावाच्या घरी गेली. तिला उठवणे, न्हाऊ घालणे, रात्री तिच्या हाकेला ओ देणे, हे सारे माझ्या भावजयीने केले. मी महिन्यातून एकदा जात असे आणि आशीर्वाद देऊन परत येत असे. आपल्याकडे गुरुदीक्षेच्या दिवशी धर्मगुरूच्या आईबापांचा सत्कार होतो. भावजयीचा सत्कार झालेला मी कधी पाहिला नाही. माझे ब्रह्मचर्य मी प्रभूला अर्पण केले, ही गोष्ट खरी. ते शक्य व्हावे म्हणून दुसऱ्या कोणी तरी आपल्या संसारात माझ्या वाट्याचे काम केले, ही गोष्टही तितकीच खरी. रिचींच्या उतरंडीत हे दुसरे सत्य बसवायला जागा नाही. म्हणून तो युक्तिवाद चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो अर्धा आहे.

पुढे ख्रिस्तसभेनेही हा अर्धेपणा वाढवला. पूर्वजांच्या पाटीपुढचे वंदन हा मृतांविषयीचा आदर आहे, असे रिचींचे मत होते. ते मत पुढे फेटाळले गेले आणि १७४२ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी त्या विधींवर कायमची बंदी घातली. ती उठायला १९३९ साल उजाडले. मधल्या काळात चिनी ख्रिस्ती मुलाला आपण आईबापांचे द्रोही नाही हे पटवणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना करावी.

फादर रिची ११ मे १६१० रोजी पेकिंग येथे वारले. परदेशी माणसाला राजधानीजवळ पुरण्याची रीत नव्हती. सहकाऱ्यांनी अर्ज केला आणि सम्राट वानलीच्या दरबाराने जागा दिली. १९०० च्या बॉक्सर उठावात ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली, पुन्हा उभारली गेली, सांस्कृतिक क्रांतीत तिला पुन्हा झळ पोहोचली, पुन्हा दुरुस्ती झाली. आज ती एका सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात आहे. ज्याच्यामागे धूप जाळायला पुत्र नव्हता त्याची कबर चिनी हातांनी राखली. २०२२ च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी रिचींच्या वीरोचित सद्गुणांना मान्यता दिली. चिनी विद्वानाच्या शंकेला ग्रंथाबाहेर मिळालेले हे उत्तर मला ग्रंथातील युक्तिवादांहून अधिक पटते.

आपल्या घरांतही आता मुले एक किंवा दोन. त्यांतला एखादा मुलगा धर्मगुरू होऊ म्हणेल, एखादा कोणत्याही व्रताशिवाय अविवाहितच राहू म्हणेल. दोघांनाही द्रोही म्हणू नका. पण दोघांनाही आजीचा प्रश्न जरूर विचारा. आणि तो प्रश्न मला कोणी विचारला, तर आता माझे उत्तर तयार आहे : माझ्या आईला माझ्या भावजयीने पाहिले, आणि ते ऋण माझ्यावर आहे.